काचेच्या वर्गातल्या बाई

मला माझ्या घाऱ्या डोळ्यांची किळस येते. लग्न जमवताना आत्याने हेच डोळे चार घरी मिरवले होते, त्यामुळे कुणाला पटायचं नाही.

परदेशात इंग्रजी शिकवायला बाई आणि मी एकदमच गेलो. मी कशीबशी बी.ए. झालेली. बाईंनी मात्र बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं; मुख्याध्यापकसुद्धा अर्ज लिहिला की आधी त्यांना दाखवायचे. एजंटाने आम्हाला एका खोलीत कोंबलं. खोली कसली, खुराडं! मोरीचा वास, भिंतींना ओल, गादीवर आधीच्या भाडेकरूचे डाग. बाईंनी गादी उलटून खालची बाजू पाहिली आणि पुन्हा होती तशी केली. "वरचीच बरी," म्हणाल्या.

बाई आल्या होत्या लेकीसाठी. नवरा गेल्यापासून लेक मामाकडे, आणि मामी तिला उठताबसता टोमणे मारायची. इथला नियम असा, की वर्षाने शिक्षिका म्हणून कायम झालात तरच मुलांना आणता येतं. बाई दिवस मोजत होत्या.

क्लासचा मालक सारखा हात चोळणारा, गुळगुळीत माणूस. वर्गाची एक भिंत काचेची आणि आत माइक, म्हणजे पालकांनी बाहेर बसून बघावं, ऐकावं. एरवी पडदा, वर्षातून एकदाच, पालकांच्या शनिवारी उघडायचा. तोंडातून अक्षर न काढणारी एक चिमुरडी बाईंनी चार महिन्यांत बोलती केली होती.

वर्ष भरत आलं तेव्हा मालकाने आम्हाला बोलावलं. "पालकांना गोरा चेहरा लागतो," म्हणाला आणि बाजारात वांगं निरखावं तशी माझी हनुवटी वर केली. शी! अजून ती जागा घासून धुवावीशी वाटते. "गोरी आहे, डोळेही घारे. ही चालेल." शनिवारी मी गोऱ्यांच्या देशातली म्हणून शिकवायचं. बाईंनी एप्रन घालून मागे स्टुलावर बसायचं, मुलांची नाकं पुसायची. "तुमचे कायम होण्याचे कागद माझ्याच टेबलावर आहेत," हेही त्याने बाईंना ऐकवलं.

मी उसळले. म्हणजे खोलीवर आल्यावर उसळले. तिथे ब्र काढला नाही.

"अगं, एका शनिवारचा तर प्रश्न," बाई म्हणाल्या. "अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी पाठ लिहून देते, तू नीट वाच म्हणजे झालं."

शनिवारी त्यांच्या एप्रनची गाठ मीच मारली. छातीवर भलत्याच नावाची पट्टी लावून मी फळ्यापाशी उभी राहिले. पाठ बाईंचा, तोंड माझं. मुलं बावचळली. ती चिमुरडी उठली, माझ्याकडे पाठ फिरवून थेट स्टुलापाशी गेली आणि तिने वही पुढे केली. "टीचर, बरोबर आहे?"

मालक काचेला नाक लावून उभा.

"मी टीचर नाही, बाळा," बाई स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. "मी साफसफाई करते. त्यांना विचार."

पोरगी हलेना. तिचं नाक वाहत होतं, ते बाईंनी पुसलं. बाहेर पालकांना ते इतकं आवडलं की त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि पाठ संपेपर्यंत मी हसत होते. हो, हसत होते मेली!

सोमवारी कागद आले. माझ्या कागदावर शिक्षिका, कायम. बाईंच्या कागदावर मदतनीस.

"पालकांनी पाहिलंय ना तुम्हाला," मालक म्हणाला. "आता शिकवताना दिसलात तर मी काय सांगू? नाक पुसणं मात्र सगळ्यांना आवडलं हं तुमचं."

बाईंनी कागद दोनदा वाचला. मदतनिसाला मुलं आणता येत नाहीत. "तू कर सही," त्या मला म्हणाल्या. मी तो कागद त्याच्या थोबाडावर फेकायला हवा होता. मनात शंभरदा फेकलाय. तिथे मी सही केली. थू माझ्यावर!

संध्याकाळी बाई जिन्यात उभ्या राहून लेकीशी बोलल्या. "यंदा नाही गं जमत. मामीला उलट बोलू नकोस." मग आत येऊन वही उघडली आणि उद्याचा पाठ लिहायला बसल्या.

"बाई, राहू द्या ना," मी म्हटलं.

"मुलांनी काय घोडं मारलंय?" वर न बघता त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी तो पाठ वाचून दाखवला.