अकरा चमचे

हवेलीत सगळे त्यांना रेडिओकाका म्हणत. एकदा सुरू झाले की बंद करायचं बटणच नाही. बावीस वर्षं ते विसाविसांचा घोळका घेऊन त्या जुन्या घराण्याच्या हवेलीची एकेक खोली दाखवत होते. बुटांवर कापडी पिशव्या चढवायच्या, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, कशालाही हात लावायचा नाही.

स्वयंपाकघर सगळ्यांत शेवटी. तोवर लोकांचे पाय दुखायला लागलेले, डोळे दाराकडे. तिथल्या काचेच्या कपाटात चांदीचे अकरा चमचे होते आणि मखमलीत बाराव्याची रिकामी खाच. तो कुठे गेला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एकदा एका जांभया देणाऱ्या घोळक्याला जागं करायला काकांनी ठोकून दिलं, "बारावा आचाऱ्याच्या खिशातून गेला!" लोक खो खो हसले. मग काय, दर वर्षी मीठमसाला वाढतच गेला. आचारी ढेरपोट्या झाला, तोतरा झाला, चमचा घेऊन पळताना पायरीवरून गडगडलासुद्धा. गेल्या वर्षी कार्यालयानं कानाला लावायची यंत्रं आणली, त्यांत हा किस्सा काकांच्याच आवाजात भरला. खोटं कशाला बोला, तेव्हा काकांची छाती फुगली होती.

त्या दिवशीही सगळे हसत बाहेर पडले. एक म्हातारी बाई तेवढी कपाटापाशी थांबली.

"ते आचारी माझे वडील," ती म्हणाली. "एकतीस वर्षं इथे राबले. तोतरे नव्हते हो ते."

दाराकडे निघालेले काका परत फिरले.

"सुनेला मुद्दाम आणलं होतं. शेवटी इथे उभी राहून सांगणार होते, बघ, हे माझ्या वडिलांचं स्वयंपाकघर. तुम्ही सुरू झालात आणि ती पोट धरून हसली. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

"आजी, ते मी... उगाच आपलं, गंमत म्हणून..."

"मग तसं सांगा. तिच्यासमोर. पुढच्या फेरीला तिला परत घेऊन येते."

काका धावतच व्यवस्थापकांकडे गेले. त्यांनी कागदातून मान वर केली नाही. "काका, लोक त्या किश्श्यासाठी येतात. यंत्रात भरलाय, पाटी छापलीय. आचारी चोर नव्हता याला पुरावा काय?"

"चोर होता याला तरी कुठे होता?"

"तुम्ही सांगितलं होतंत ना," व्यवस्थापक म्हणाले.

पुढच्या फेरीत काका कपाटासमोर उभे राहिले. "मंडळी, आचाऱ्यानं काही चोरलं नाही. तो तोतराही नव्हता. हे सगळं मी रचलं, तुम्ही हसावं म्हणून."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "आचाऱ्यानं काकांनाही वाटा दिलेला दिसतोय!" हशा पिकला.

"अहो, देवाशप्पथ खरं सांगतोय!" काकांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते पाहून तर लोक टाळ्याच वाजवायला लागले. बावीस वर्षं हसवलेल्या माणसाचं रडणं कोण खरं मानणार?

सून हसून हसून डोळे पुसत होती. "आई, मघापेक्षा आत्ताचं जास्त मस्त होतं!"

म्हातारी पुढे आली. काकांचे जोडलेले हात तिनं हलकेच खाली केले.

"राहू द्या आता," ती म्हणाली आणि सुनेकडे वळली. "चल बाई. इथे बघण्यासारखं आणखी काही नाही."