आधी गाईचं विचार

काळजी करण्यात भीमसिंग राठोडांचा हात धरणारा ढाणकीच्या आसपास कुणी नाही. तांड्याजवळ मोबाइलचा टॉवर उभा राहिला तेव्हा त्यांनी चिमण्यांची काळजी केली, घरोघर गॅस आला तेव्हा गोवऱ्यांची. त्यामुळे बाकीचा तांडा निवांत असतो. एका घरी एवढी होत असताना इतरांनी कशाला करायची?

यंदा कृत्रिम बुद्धिमत्तेची पाळी आली. हे यंत्र पुढेमागे माणसाहून हुशार होईल आणि कुणाचं ऐकणार नाही, अशी जाणत्यांना भीती आहे, असं त्यांनी पेपरात वाचलं. त्याचं त्यांना विशेष वाटलं नाही. त्यांना दोन मुलगे आहेत. पण हे यंत्र घरच्या माणसाचा आवाज उचलून फोनवर फसवतं, ही बातमी मनाला लागली.

तोड तांड्याच्या रीतीतच सापडली. तिथं आलेला पाहुणा एकदम कामाचं बोलत नाही. आधी माणसांची खुशाली, मग गाईगुरांची, मग विहिरीची, पिकाची. चोराला एवढा धीर कुठला, आणि यंत्राचा तर सगळा कारभार घाईचाच. भीमसिंगांनी फर्मान काढलं: फोनवर जो आधी गाईचं विचारणार नाही, तो मशीन.

"आन् माणूसच घाईत असला तं?" धनीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"मंग त्यानं फोन कायले करावं?"

नात जया हिला पाहायला रविवारी इंद्रजित येणार होता. जयाला तो पसंत होता; फोटोवरून, आणि कुणी विचारलं नाही म्हणून तिने न सांगितलेल्या बऱ्याच गप्पांवरून. होकार तेवढा दादांचा, म्हणजे आजोबांचा, बाकी होता. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणजे शत्रूच्या गोटातला, एवढाच त्यांचा आक्षेप.

शनिवारी सकाळी नातू राजकुमारचा फोन आला. त्याचं पुसदला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जयाचा फोनही तिथेच दुरुस्तीला उघडून पडला होता.

"दादा, पाहुणे उद्या नाही, आजच येऊन राह्यले!"

"आधी गाईचं विचार."

"दादा, गाडी निघाली ना पुसदहून!"

"गाय."

"मरो ना ते गाय!"

भीमसिंगांनी फोन बंदच करून टाकला.

"कोण व्हता?" धनीबाईंनी विचारलं.

"मशीन. आवाज हुबेहूब राजकुमारचा. पण गाय मरो म्हणे."

"मंग राजकुमारच व्हता."

जेवणवेळेला दारात गाडी थांबली. घरात सकाळच्या दोन भाकरी आणि लसणाची चटणी. जया कापसाच्या वावरातून आलेली, डोक्याला फडकं, केसांत पाचोळा. धनीबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की कृत्रिम बुद्धिमत्ता त्यांना एकदम किरकोळ वाटू लागली.

इंद्रजितचे आजोबा धरमसिंग खाटेवर टेकले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "माणसं बरी?"

भीमसिंगांना जीवदान मिळालं. त्यांनी एकेक माणूस घेतला, गुडघेदुखीसकट. आत पीठ मळलं जाऊ लागलं. माणसं संपल्यावर त्यांनी शेळ्या घेतल्या, प्रत्येक शेळी स्वतंत्र. शेजारून वांगी आली. लंगडणाऱ्या तांबड्या गाईपर्यंत भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला, आणि विहिरीची पातळी सांगून होईपर्यंत वरण उतरलं. धरमसिंग प्रसन्न होते.

"आजकाल इतकं कोण सांगते हो! लोकायले टाइमच नाही."

इंद्रजित मान खाली घालून सगळं ऐकत होता. पाहुणे निघाले तेव्हा भीमसिंग एवढंच म्हणाले, "कळवतो."

"गाय पास झाली, मी राह्यली," जया धुसफुसली आणि दोन दिवस दादांशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला.

"राम राम दादा. इंद्रजित बोलतो. तांबडी पाय टेकते का आता?"

भीमसिंग खाटेवर सावरून बसले. तांबडीचं सांगितलं, वासराचं सांगितलं. पोराने शेळ्याही विचारल्या, क्रम न चुकता. विहिरीपाशी येईतो भीमसिंग पार विरघळले होते. "धरमसिंगले सांग," ते म्हणाले, "पोरगी दिली."

दाराआड जयाने ओठ दाबून हसू आवरलं.

"तोच व्हता ना पण?" धनीबाईंनी विचारलं. "का मशीन?"

भीमसिंगांनी हातातला फोन उलटासुलटा करून पाहिला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मशीन असलं तरी चांगल्या घरचं हाय," ते शेवटी म्हणाले. "जया, गूळ आण."