मेंढरांच्या गाडीतलं बिऱ्हाड

गाडी दारात लागली तेव्हा तेलगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ अजून सुरू व्हायची होती. गाडीत खाली मेंढरं होती आणि वर टपावर आमचं बिऱ्हाड. पत्र्याच्या पेट्या, गाद्या, ज्वारीचं पोतं, आईनं सूत कातलेली घोंगडी आणि माझ्या नर्सिंगच्या पुस्तकांचं खोकं. शेजारच्या कमलकाकूनं माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, हातात भाकरीचं गाठोडं दिलं आणि पदर तोंडाला लावला. "जा दादा, लेकीपाशी सुखात ऱ्हा," म्हणाली. आप्पा फळ्यांच्या फटीतून आत बघत होते.

तुम्ही गावाकडची माणसं अजूनही फोनवर म्हणता, "आप्पाला नेलंस, लई बरं केलंस." बरं झालं का वाईट, ते मला आजवर उमगलेलं नाही. आणि माझ्यासारख्या ज्या पोरी आईबापाला उचलून शहरात घेऊन आल्या, त्यांनाही ते उमगलं असेल असं वाटत नाही. पण ती गाडी कशी ठरली होती हे तुम्हाला कुणालाच धड माहीत नाही. म्हणून लिहिते.

आई गेल्यावर आप्पा एकटेच मेंढरं वळायचे. मी अंबाजोगाईला शिकले, पुण्यात एका दवाखान्यात लागले. इकडं चराईची रानं उसाखाली गेली. मेंढरू बांधावर चढलं की कुणीतरी अंगावर धावून यायचं. मग आप्पांचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, आता चालणं बंद. मेंढक्याला चालू नको म्हणणं म्हणजे काय, हे त्या डॉक्टरला कोण सांगणार! पण इलाज नव्हता. मेंढरं विकायची, पुण्यात भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरायचं आणि आप्पांना न्यायचं, असं ठरलं. खाटकांना माल पुरवणारा व्यापारी येऊन सौदा करून गेला.

राहिला सामानाचा प्रश्न. टेम्पोवाल्यानं भाडं सांगितलं तेव्हा आप्पा त्याच्याकडं असे बघत राहिले, जसं काही त्यानं विहिरीवर पाणी प्यायचे पैसे मागितले होते.

"बिऱ्हाड हलवायला कुटं पैशे लागत्यात व्हय?" ते मला म्हणाले.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. आमचा जन्मच बिऱ्हाड हलवण्यात गेला. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं निघायचं. आई सगळा संसार एका घोड्यावर लादायची. खाली घोंगडी, त्यावर भांडी, कडेला डालग्यात कोंबड्या, झोळीत नवी जन्मलेली कोकरं आणि सगळ्यांच्या वर मी. काही जादा दिसलं की आई म्हणायची, "घोड्याला पेलंल तेवढाच संसार." ती ते लगेच कुणाला तरी देऊन टाकायची. एवढ्या वेळा घर हललं, पण भाडं म्हणून कुणाच्या हातावर दमडी ठेवलेली मी पाहिली नाही.

"आप्पा, असू द्या, मी देते," मी म्हटलं.

"तुझा पगार तितं गॅसला लागंल, लाइटीला लागंल. हितं कावून उधळायचा?"

तेवढ्यात व्यापाऱ्याचा निरोप आला. मेंढरांची गाडी पुण्याकडंच चालली हाय, सामान टपावर टाका, तुमी दोघं ड्रायव्हरपाशी बसा, भाडं नगं. आप्पा काय खूश झाले! पारावर, गिरणीत, भेटेल त्याला सांगत सुटले, "फुकटात चाललो, बे! एक रुपाया न्हाई." आई गेल्यापासून त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. मीही म्हटलं, चला, तेवढ्या पैशात पंखा येईल.

आमच्यात एक रीत आहे. विकलेलं जनावर गिऱ्हाइकाच्या हवाली केलं की पाठ फिरवायची. ते कुठल्या रस्त्यानं गेलं, ओरडलं का, हे बघायचं नाही. आजोबा तसं करायचे, आप्पाही करायचे. बाजारात दोर हातात दिला की ते सरळ चहाच्या टपरीकडं चालू लागायचे. ही रीत कशासाठी आहे, ते मला त्या गाडीत बसल्यावर कळलं. भाडं वाचवायच्या आनंदात आप्पांच्या ध्यानातच आलं नाही, की या वेळेला पाठ फिरवायला जागाच नव्हती. ज्या गाडीतून मेंढरं चालली होती, तिच्यातूनच आम्ही चाललो होतो.

गाडी जरा थांबली की मागं कालवा उठायचा. आप्पा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणायचे, "हाय, हाय, मी हाय." लगेच सगळी गप. ड्रायव्हर हसून म्हणाला, "काका, दर खेपेला तुमीच येत जा. गाडी कशी गुमान चाललीय!" पहिल्यांदा आप्पा पण हसले. घाट उतरेपर्यंत मात्र त्यांचं हसू विरून गेलं होतं. कमलकाकूच्या भाकरीचं गाठोडं मांडीवर तसंच होतं.

पुण्याच्या अलीकडं व्यापाऱ्याचा मेंढरं कोंडायचा वाडगा होता. आधी मेंढरं उतरवायची, मग आमचं सामान पोचवायचं, असं ठरलं होतं. फळी लावली, दार उघडलं, पण एक मेंढरू खाली येईना. सगळी एकमेकांत तोंडं खुपसून उभी. माणसांनी काठ्या उचलल्या.

"मारू नगा," आप्पा म्हणाले. दुखऱ्या गुडघ्यानं खाली उतरले, फळीच्या टोकाशी उभे राहिले आणि त्यांनी हाळी दिली. टाळूला जीभ लावून काढलेला तो आवाज, आणि त्यापुढं लांबवलेलं "येऽ, येऽ". गोदाकाठच्या रानात संध्याकाळी ऐकू यायची, तीच हाळी. कळपाच्या पुढं चालणारी ठुमकी सगळ्यात आधी उतरली. तिच्या मागोमाग सगळी. आप्पा पुढं आणि मेंढरं मागं, अशी ती वाडग्यात गेली. ठुमकीनं दारात पाय रोवून आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"हितंच गं माय, हितंच," ते म्हणाले.

मग ते एकटे बाहेर आले आणि माणसांनी दार ओढलं. एकजण म्हणाला, "काका, लई सोपं केलंत." त्यानं चहा आणून दिला. आप्पांनी तो कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला.

त्या दिवसानंतर आप्पांच्या तोंडून ती हाळी निघाली नाही. वाचलेल्या पैशांचा मी खरंच पंखा घेतला. आप्पा त्याच्याखाली कधी झोपले नाहीत. उकाड्यानं जीव जायचा, तरी म्हणायचे, "बंद कर ते." मी ड्यूटीवर गेले की ते गॅलरीत घोंगडीवर बसून असायचे. एकदा बायपासच्या कडेनं कुणाचा तरी कळप चालला होता, पुढं घोडा, घोड्यावर पोर. मी हरखून ओरडले, "आप्पा, द्या की हाळी!" ते उठले आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. त्या दिवशी मी न्हाणीत नळ सोडून मनसोक्त रडले.

मागच्या महिन्यात मालकानं खोली रिकामी करायला सांगितली. मी दुसरी बघितली, लिफ्ट असलेली, आप्पांच्या गुडघ्यासाठी. दवाखान्यातली मैत्रीण म्हणाली, भाजीची गाडी त्याच बाजूला रिकामी जाते, चहापाण्यावर सामान नेईल. मला बरं वाटलं. डिपॉझिट, मेंटेनन्स, कुठं कुठं पुरं पडायचं? आप्पांना सांगितलं. एरवी दिवसाकाठी चार शब्द न बोलणारा माणूस ताडकन म्हणाला, "नगं. टेम्पो कर. घेऊ दे त्याला भाडं. फुकटात निघालं की कुणाच्या संगं चाललो ते आपल्या हातात ऱ्हात न्हाई."

मी टेम्पो केला. घासाघीस केली नाही.

नव्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पोरांनी टेम्पोला फळी लावून सामान उतरवलं. आप्पा मागं हौद्यात घोंगडीवर बसले होते, सामानापाशी बसतो म्हणून हट्टानं बसलेले. पेट्या गेल्या, गाद्या गेल्या, पंखा गेला. आप्पा उठेनात. "आप्पा, उतरा." ते खाली फळीकडं बघत राहिले. "आप्पा, चला ना, लिफ्ट आहे." छे! टेम्पोवाला घड्याळ बघायला लागला, हमाल पोरं एकमेकांकडं बघून हसायला लागली. एकानं आप्पांच्या बखोटीला धरायला हात पुढं केला. "हात लावू नको," मी त्याच्यावर खेकसले.

मग काय झालं माझं मला कळलं नाही. जीभ टाळूला लागली आणि माझ्या तोंडून हाळी निघाली. त्या सिमेंटच्या पार्किंगमध्ये ती केवढ्यांदा घुमली! वॉचमन खुर्चीतून उठला. आप्पांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"तुला येती व्हय गं?"

"येती, आप्पा."

मला कुणी शिकवली नव्हती. घोड्यावर बसून ऐकली होती तेवढीच. गावाकडून मी काय आणलं असं तुम्ही विचाराल, तर पेट्या आणि गाद्या आज ना उद्या मोडीत जातील. ही एक हाळी आली बरोबर, तिचं भाडं कुणी मागितलं नाही. आणि तिला ओ देणारा माणूस जिथं असेल तिथंच माझं घर, दुसरं कुठलं मला आता सांगता येणार नाही.

आप्पा उठले. एकेक पाय सावकाश टाकत फळीवरून खाली आले आणि माझ्या मागं मागं मुकाट चालू लागले. लिफ्टच्या दारात मात्र थांबले. पाय रोवून, वर, खाली, माझ्याकडं बघत.

"हितंच का?"

मी त्यांच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"हितंच, आप्पा," मी म्हटलं. "हितंच."