मागे बघू नकोस

बरखेड्याच्या क्वार्टरांमधल्या कितीतरी बायका सायकल शिकल्या त्या वैजयंतीकाकूंच्या हातावर. काकूंचा उजवा हात सीटच्या मागच्या कडेवर पक्का बसायचा, पदर कमरेला खोचलेला असायचा, आणि सकाळच्या दवात त्या मैदानावरून पळत सुटायच्या. "पुढे बघ. मागे बघू नकोस. मी धरलंय." मैदानाच्या मध्यावर कुठेतरी हात सुटायचा. तोंड मात्र चालूच, "धरलंय गं, धरलंय." बाई आपली जात राहायची. पलीकडच्या टोकाला पोचून वळली, की काकू लांब उभ्या दिसायच्या, धापा टाकत हसणाऱ्या. मग एक किंकाळी. मग त्या बाईचंही हसू. संध्याकाळी घरी पेढ्यांची पुडी यायची.

वर्ध्याकडच्या गावात त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच शिकवलं होतं. आपल्याकडे सायकल अशीच शिकवतात. त्यात एक खोटं असतं, पण ते मायेचं, आणि मायेच्या खोट्याची झडती कोण घेतो? लग्न होऊन त्या भोपाळला आल्या, नवरा गिरीशराव इथल्या कारखान्यात लागलेले होते. शेजारणीला भाजीबाजारापर्यंत जायचं तर नवऱ्याची सुट्टी होईपर्यंत थांबावं लागायचं. काकूंनी तिला मैदानावर नेलं आणि तिथून ते सुरू झालं. लोक त्यांना शिकवणारी म्हणू लागले. शाळा मॅट्रिकला सुटलेल्या बाईला हा मान लहान नव्हता.

सुमन ही त्यांची सगळ्यांत लाडकी शिष्या. मागच्या गल्लीतल्या रत्नप्रभाबाईंची लेक, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. एम. पी. नगरातल्या चष्म्याच्या दुकानात तिला काम मिळालं, तेव्हा काकूंनीच तिला सायकलवर बसवलं. दोन वर्षं ती रोज गेली आणि रोज आली. एका सकाळी दुकानाच्या गल्लीत उजवीकडे वळताना मागून मिनीबस आली.

वस्तीने त्या बसवाल्याला जेवढ्या शिव्या घालता येतील तेवढ्या घातल्या. काकूंनीही घातल्या. पण त्या दिवसापासून त्यांचा हात कुणाच्या सीटला लागला नाही. बायका यायच्या, "काकू, येता का उद्या?" काकू म्हणायच्या, "गुडघा दुखतोय." त्यांची सायकल गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली गेली.

मग बातमी आली, की एक संस्था सायकल शिकवणाऱ्यांनाच शिकवणार आहे. सुरक्षित कसं चालवायचं ते कसं शिकवायचं, त्याचा वर्ग. शेवटी परीक्षा, पास झालं तर प्रमाणपत्र. गिरीशरावांनी चहा पिता पिता सांगितलं, "जाऊन ये. घरात बसून माझ्याच चुका काढतेस."

"तुमच्या चुका काढायला घरात बसावं लागत नाही," काकू म्हणाल्या. पण गेल्या. कुणीतरी जाणत्या माणसाने आपली परीक्षा घ्यावी आणि म्हणावं, बाई, तुझ्या शिकवण्यात खोट नाही, पुन्हा धर सीट. एवढंच त्यांना हवं होतं. गुडघा तर कधी दुखलाच नव्हता.

शिकवणारा पराग, इंदूरचा, त्यांच्या मुलाच्या वयाचा. पहिल्याच सकाळी त्याने सगळ्यांच्या सायकलींची पायडलं काढायला लावली.

"अरे भैया, मग चालवायची कशाने?" एका शाळामास्तराने विचारलं.

"पायांनी. सीट खाली करा, दोन्ही पाय जमिनीला टेकवा, आणि ढकलत चला. तोल आपोआप येतो. मागून कुणी धरायचं नाही, सर. एकदम नाही."

काकूंनी हात वर केला. "आणि पडली तर?"

"पाय खालीच आहेत की, काकू. पडेल कुठे?"

सगळे हसले, काकूही हसल्या. मनात मात्र त्यांना आपला हात उगीचच जड वाटला. पण पोरगा खरं बोलत होता. अर्ध्या तासात एक अगदी नवी मुलगी घसरत घसरत मैदानाच्या कडेपर्यंत गेली, कुणाचीही फसवणूक न होता.

दुसऱ्या दिवशी परागने चुन्याची लांब सरळ रेघ आखली. "आता रेघेवरून जायचं. मी मागे उभा राहून बोटं दाखवीन. चालवता चालवता उजव्या खांद्यावरून मागे बघायचं आणि किती बोटं ते ओरडून सांगायचं. रेघ सोडायची नाही."

मास्तर गेले, "तीन!" म्हणाले, रेघेवरच राहिले. कॉलेजच्या पोरी गेल्या. काकूंची पाळी आली. लहानपणापासून सायकलवर बसलेली बाई. रेघ त्यांच्या चाकाखाली दोरीसारखी सरळ होती. मागून परागचा आवाज आला, "बघा, काकू!"

मान वळेना. काकूंनी जोर केला, तशी मानेबरोबर हँडलही वळलं आणि सायकल रेघ सोडून पार उजवीकडे गेली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मागे बघितलंच नाही, अंदाजाने "दोन!" म्हटलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्यांची फिरकी घेतली.

"होतं असं," पराग म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आपल्यातल्या बऱ्याच जणांना 'मागे बघू नको' म्हणूनच शिकवलेलं असतं. ते मानेत बसतं. मैदानावर ठीक आहे, पण रस्त्यावर उजवीकडे वळायच्या आधी मागे बघितलं नाही, तर मागून काय येतंय ते कळणार कसं? हात दाखवला म्हणजे झालं नाही. आधी मान, मग हात."

आधी मान, मग हात. काकू सायकल धरून उभ्या राहिल्या. सुमन गेली त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी पानवाला होता. तो दहाव्याला येऊन हळहळत म्हणाला होता, "बाईंनी हात तर बरोबर दाखवला होता हो." तेव्हा ते वाक्य सगळ्यांनी बसवाल्याविरुद्धचा पुरावा म्हणून घेतलं होतं. हात दाखवला होता. मानेबद्दल पानवाला काही बोलला नव्हता, आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

उरलेले दिवस काकू सगळ्यांच्या आधी मैदानावर यायच्या आणि त्या रेघेवरून जात राहायच्या. परीक्षेच्या दिवसापर्यंत मान वळायला लागली. पास झाल्या. परागने प्रमाणपत्र हातात दिलं, तेव्हा त्यांनी त्याला बाजूला नेऊन सुमनचं सांगितलं.

पोरगा म्हणाला, "काकू, बस वेगात होती ना?"

"होती."

"मग चूक त्याची."

"त्याची आहेच. पण त्याला मी शिकवलं नव्हतं."

काकूंनी प्रमाणपत्र पिशवीत घातलं आणि निघाल्या.

त्याच दिवशी दुपारी काकू रत्नप्रभाबाईंकडे गेल्या. न सांगता त्यांना घास उतरला नसता. बाई गहू निवडत बसल्या होत्या. काकूंनी शेजारी बसून सगळं सांगितलं, रेघ, बोटं, मान. रत्नप्रभाबाईंचा हात ताटात तसाच राहिला.

"वैजू, हे तू मला का सांगितलंस?"

"तुम्हाला कळायला हवं, म्हणून."

"मला की तुला? रोज उठून मी त्या मेल्याला शाप देत होते. चूल पेटवताना द्यायचे, देवापुढे बसून द्यायचे. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. आता माझ्या डोळ्यांपुढे तू येशील. तुला कशी देऊ मी शाप? माझ्या पोरीला पायांवर उभं केलंस तू." त्यांनी ताट बाजूला सारलं. "जा आता. आणि थोडे दिवस येऊ नकोस."

काकू परतल्या. परागचा फोन आला, बायकांचा वर्ग सोमवारपासून, शिकवायला याल ना? त्यांनी नाही म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं, तर म्हणाल्या, "गुडघा." प्रमाणपत्र गिरीशरावांनी भिंतीवर लावायला घेतलं, तेव्हा काकूंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. कुठे ठेवलं, ते गिरीशरावांनी विचारलं नाही.

नव्या बायकांना शिकवायला आता दुसरे होते. काकूंच्या डोक्यात जुन्या होत्या, आपण सोडून दिलेल्या, शहरभर फिरणाऱ्या. त्या एकेकीच्या घरी जाऊ लागल्या. "एकदा मैदानावर ये, तुला मागे बघायला शिकवते." कुणी स्कूटी घेतली होती. कुणी हसली, "काकू, आता या वयात परत पहिलीत बसू?" एकीने चहा दिला, पोहे दिले, ऐकून घेतलं आणि आली नाही. अशोका गार्डनला राहायला गेलेलीचा पत्ताच लागला नाही. एक आली, रेघेवर दोनदा पडली, आणि म्हणाली, "राहू द्या, मला इतकी वर्षं काही झालं नाही."

एके सकाळी काकू दूध आणायला फाटकापाशी आल्या, तर समोरून त्यांचीच जुनी शिष्या वासंती सायकलवरून निघून गेली. अंगणवाडीत जायची ती रोज, कॅरिअरला डबा बांधून. पुढच्या वळणावर तिला उजवीकडे जायचं होतं. काकू धावत रस्त्यावर आल्या. "वासंती! अगं वासंती!"

आवाज वासंतीने लगेच ओळखला. मान जराही न वळवता तिने हात उंच केला, आणि हसत ओरडली, "पुढेच बघतेय, काकू!"

काकू पुन्हा ओरडल्या, पण तेवढ्यात उलट दिशेने ट्रॅक्टर गेला आणि त्याच्या आवाजात ते बुडालं. वासंतीने उजवा हात बाजूला केला, अगदी बरोबर, आणि ती वळली. मागून काही येत नव्हतं. निदान त्या दिवशी तरी नव्हतं. काकू रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, आणि दूधवाल्याने दोनदा हॉर्न दिल्यावर कडेला झाल्या.