भोंगेकाकांच्या यादीत नसलेलं घर

नदीकाठच्या रस्त्याचा अर्धा पल्ला आम्ही संपवला होता आणि भोंगेकाका अजून एकाही घरी टेकले नव्हते. बसलं की चहा येतो, चहा आला की वीस मिनिटं जातात, असं त्यांचं गणित. घरं एकशे चाळीस आणि हातात दिवस एक. उद्या दुपारपर्यंत वादळ येऊन आदळणार असं हवामान खात्यानं सकाळीच सांगितलं होतं. लाल इशारा. सगळ्यांच्या मोबाइलवर सरकारी संदेश किणकिणून गेले होते, तरी काका पायी निघाले. आमची शाळा हेच निवाऱ्याचं ठिकाण, त्यामुळे किती माणसं येणार, किती सतरंज्या लागणार हे कळावं म्हणून मीही त्यांच्याबरोबर. मी तिथे चौथीला शिकवते.

ते दर घरी दुसऱ्यांची काळजी करत होते, पण त्यांचा जीव एकाच घरात अडकला होता. त्यांच्या स्वतःच्या. या वेळी त्यांना नदीपलीकडच्या पंपघरावर नेमलं होतं. सकाळी सहाला जायचं ते वादळ ओसरेपर्यंत परत यायचं नाही. आणि काकू त्यांच्याशिवाय घर सोडत नाहीत, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

पालिकेच्या आपत्ती विभागात काका सव्वीस वर्षं आहेत. पाण्याच्या टाकीवरचा धोक्याचा भोंगा त्यांच्या ताब्यात, म्हणून हे नाव. अंगानं काडी, आवाज मात्र पहाडी. खिशात कायम पेन्सिल, कारण शाई भिजली की पसरते. यादीत प्रत्येक नावापुढे त्यांच्या बारीक अक्षरातल्या खुणा होत्या. ‘ऐकू येत नाही, खिडकी वाजवावी.’ ‘गुडघे. खुर्ची लागेल.’ एका आजींपुढे नुसतंच ‘आधी मांजर’. मी विचारलं तर म्हणाले, मांजर टोपलीत घातलं की आजी आपोआप मागे येतात, आजींना धरायला गेलं तर तास जातो.

शिंप्यानं आम्हाला पाहून दारातूनच टोमणा मारला. “काय काका, मागच्या महिन्यातही वादळ आणणार होतात. वाटेत कुठे राहिलं?”

“न आलेल्या वादळाबद्दल मला हव्या तेवढ्या शिव्या दे,” काका म्हणाले. “आलेल्याबद्दल द्यायची वेळ आणू नकोस.” आणि चप्पल काढून आत शिरले, शिंप्याचं मशीन माळ्यावर चढवायला खालून हात लावला. उतरताना शिंपीच विचारत होता, शाळेत किती वाजता यायचं.

एवढे संदेश येतात, मग ही पायपीट कशाला, असं मी पुढच्या वळणावर विचारलं. तेव्हा काकांनी स्वतःचीच फजिती सांगितली. पूर्वी महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहा वाजता भोंग्याची चाचणी घ्यायची, असं वरून पत्रक होतं. काकांचा नेम पंधरा वर्षं चुकला नाही. लोक त्यावर घड्याळं लावायचे. अकरा वर्षांपूर्वी एका वादळानं ऐनवेळी दिशा बदलली, वरून फोन आला आणि काकांनी बटण दाबलं. तारीख नेमकी एक, वेळ दहाला पाच कमी. अख्ख्या नदीकाठानं घड्याळं पाच मिनिटं पुढे केली आणि जो तो आपापल्या कामाला लागला.

मला हसू आवरेना. काकाही हसले, मग पुढचं सांगितलं. देवाच्या कृपेनं कुणी गेलं नाही. पण सुताराच्या आईला दाराच्या फळीवर निजवून छातीभर पाण्यातून आणावं लागलं. काका घरोघर धावत होते आणि स्वतःच्या घरी सगळ्यात शेवटी पोहोचले. काकू जिन्यात बसलेल्या, पाणी तिसऱ्या पायरीला.

“तेव्हापासून चाचणीला वार नाही की वेळ नाही,” ते म्हणाले. “भोंगा ओरडतो आणि गप्प बसतो, बाई. तोंडासमोर उभं राहिलं की माणसाला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.”

गल्लीच्या तळाला त्यांचं घर आलं. यादीत ते नव्हतंच. स्वतःचं घर काय लिहायचं, असं त्यांना वाटलं असावं. काकू शेंगा सोलत बसल्या होत्या. मी नेहमीसारखं सांगितलं, उद्या अकराच्या आत शाळेत या, खिडकीजवळची जागा तुमच्यासाठी राखते. काकू गोड हसल्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “लोकां सांगे ब्रह्मज्ञान. हे निघाले की मी निघते.”

काका उद्या पंपघरावर आहेत, असं मी म्हटलं. तर म्हणे, मग परत आले की निघू. मी जरा रागानंच बोलले, की पाणी काही कुणाची वाट बघत नाही. काकूंनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं.

“हट्ट नाही गं हा,” त्या म्हणाल्या. “त्या वर्षी मी शेजारणीबरोबर निघून गेले असते आणि हे इथे आले असते, तर मला शोधत पाण्यात उतरले असते. यांना पोहता येत नाही. सगळ्यांना वाटतं येतं.”

मी काकांकडे पाहिलं. ते कोपऱ्यातल्या कंदिलाची काच उगाच पुसत होते. सव्वीस वर्षं आपत्ती विभागात, आणि पोहता येत नाही. मनातल्या मनात मी देवाचं नाव घेतलं.

बाहेर पडल्यावर पुढची तीन घरं त्यांनी भराभर उरकली. वारा अजून साधाच होता, दोरीवरचे कपडे हलवण्याइतका. मग यादीची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि थांबले.

“बाई, उद्या साडेदहाला तुम्ही स्वतः माझ्या घरी जा. तिला सांगा, काका शाळेत पोहोचलेत, नखशिखांत भिजलेत, कोरडा शर्ट मागताहेत. शर्ट घेऊन ती धावत येईल.”

काका, हे तर खोटं आहे, मी म्हटलं.

“म्हणून तर तुम्हाला सांगतोय. माझं ती ऐकत नाही, शेजारणीचं ऐकून हसेल. तुमच्या शब्दावर मात्र ती उलटून एक प्रश्न विचारणार नाही. एवढं एकदाच बोला, माझ्यासाठी.”