एका ‘नी’चा मान

ती घटना आजही आठवते ती एका अक्षरापायी. मी तेव्हा रत्नागिरीला फौजदार होतो. मूळचा साताऱ्याचा, पण सासुरवाडी देवरुखची.

ऐंशीच्या दशकातला मे महिना. जवळच्याच गावचा, मुंबईत इमारतींची कंत्राटं घेणारा एक गृहस्थ बायकोमुलांना घेऊन सुट्टीला आला, तो चक्क भागीदाराच्या छोट्या विमानातून. शहराबाहेरच्या कातळावरच्या धावपट्टीवर ते उतरलं आणि बघायला ही झुंबड उडाली. खोटं कशाला सांगू, मीही जळलो. माझी पोरं एसटीच्या खिडकीसाठी भांडायची आणि ह्याची पोरं ढगांवरून आजीकडे येत होती!

परत जायच्या दिवशी सकाळी, हजेरी चालू असताना ठाण्यात फोन वाजला. बाईचा आवाज, घाबरलेला. विमान उडू देऊ नका, पंखाखालची नळी बुजवली आहे, एवढं सांगून तिने फोन ठेवला. माझ्यासारख्याच घाटावरच्या ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली: ‘अज्ञात इसमांनी नळी बुजवल्याची खबर.’

जीप दामटली. पोचलो तेव्हा मुलं आत बसली होती आणि कंत्राटदाराचा थोरला भाऊ आंब्याच्या पेट्या वर देत होता. पायलटने नळीत तार घातली, ती काळ्या चिकट गोळ्यात रुतली. हवालदाराने वास घेतला. “साहेब, फणसाचा चीक!”

पायलटचा चेहरा उतरला. “ह्या नळीवरून वेग कळतो. विमान उडालं असतं आणि काटा खोटं बोलला असता. मुलांसकट गेलो असतो.”

डायरीत ‘इसमांनी’ म्हटल्यावर आम्ही टोळी शोधायला लागलो. कंत्राटदाराने धंद्यातल्या वैऱ्यांची नावं दिली. धावपट्टीच्या दोन्ही रखवालदारांना ठाण्यात आणलं. दोघं रडकुंडीला आले, पण ‘नाही साहेब’ पलीकडे शब्द नाही. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा पाल्हाळ लावतो. ह्यांनी लावला नाही.

दुपारी घरी जेवायला गेलो. आमची ही हाताला तेल चोपडून फणस फोडत बसली होती. म्हणाली, “बाबांनी धाडलानी.”

“बाबांनी आणि आणखी कोणी?”

“आणखी कोण? एकट्या बाबांनीच. मोठ्या माणसाला ‘धाडलान’ कसं म्हणू?”

घास हातातच राहिला. इकडच्या बोलीत त्याने केलं की ‘केलंन’, त्यांनी केलं की ‘केलंनी’. हा ‘नी’ पुष्कळांना लागतो, तसाच मानाच्या एकट्या माणसालाही लागतो. शेजारणीशी बोलताना आमची ही माझ्याबद्दलही ‘नी’ लावते. भांडण झालं की त्याचा ‘न’ होतो!

ठाण्यात येऊन अंमलदाराला विचारलं, “त्या बाईचे शब्द सांग. तुझे नकोत, तिचे.”

“‘नळी बुजवलीनी हो,’ म्हणाली. म्हणून तर मी ‘इसमांनी’ लिहिलं.”

नाव घेत नाही, पण मान देते, ती बायकोच. खबर तिच्या नवऱ्याविरुद्ध होती. मग कंत्राटदाराला विचारलं, “ही नळी कशाची, हे गावात कोणाला ठाऊक होतं?”

“दादालाच. काल संध्याकाळी मीच कौतुकाने दाखवली, ‘हिच्याशिवाय विमान उडत नाही’ म्हणून.”

त्यांच्या घरी गेलो. थोरल्याची बायको ओटीवर तांदूळ निवडत होती. मला पाहताच सूप बाजूला ठेवलंन, असंच म्हणतो इथल्यासारखं. ती म्हणाली, “सकाळी हे बाहेरून येऊन हाताचा चीक तेलानं काढीत होते. खोदून विचारलं, तेव्हा बोलले. जावेची असली तरी पोरं ती पोरं. ह्यांच्यापासून लपवू नका हो, मीच सांगितलं म्हणा.”

थोरल्याला समोर बसवलं. नखांत चीक तसाच होता. पहिल्यांदा उडवाउडवी केली, मग एकदम फुटला.

“विमान उडणार नाही, एवढंच मनात होतं साहेब. सगळ्यांच्या देखत पडून राहावं आणि मी बघावं. पोरं मरतील हे देवाशपथ ठाऊक नव्हतं. बाप गेला तेव्हापासून कलमं मी जगवली, आईचं दुखणंखुपणं मी काढलं. आई माझं काय सांगते? ‘थोरल्यानं बाग राखलीन.’ आणि परवा अंगणात चार माणसांत म्हणाली, ‘धाकट्यानी विमान आणलंनी.’ धाकट्याला ‘नी’! मी थोरला ना?”

दुसऱ्या जिल्ह्यातला अधिकारी हसला असता. मला हसू आलं नाही. सख्ख्या भावाचा मत्सर असाच असतो. तो विमानावर जळत नाही, आईच्या तोंडच्या एका अक्षरावर जळतो.

मग त्याने विचारलं, “खबर कोणी दिलीन?”

“तुमच्या मंडळींनी. लपवू नका म्हणाल्या.”

त्याने दात आवळले. मी म्हटलं, “त्यांचे शब्दही ऐका. ‘नळी बुजवलीनी.’”

“‘नी’ म्हणाली? पोलिसाला सांगताना?”

“हो.”

त्याने तोंड दोन्ही हातांत झाकलं आणि हमसून रडला. खटला झाला, शिक्षा झाली. धाकटा पुन्हा विमानाने आला नाही.

त्या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. खबर लिहावी ती देणाऱ्याच्याच शब्दांत. आपली सरकारी मराठी तिच्यातला माणूस पुसून टाकते. आणि जळणाऱ्या माणसाचे कान दुसऱ्याच्या दारात असतात. त्याला स्वतःच्या घरातलं ऐकू येत नाही.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी सासुरवाडीला आलो असताना रत्नागिरीच्या बाजारात थोरल्याची बायको भेटली. तिने ओळख दिली. मी जरा चाचरतच विचारलं, “घरी कसं काय?”

“बरं आहे,” ती म्हणाली. “सुटून आले. यंदा नवी कलमं लावलींनी.”