फाटकआबांचा ग्रीक पेपर

फाटकआबांना एका वेळी एकच गोष्ट जमायची. चहा पिताना ते बोलत नसत आणि बोलायला लागले की चहा विसरत, त्यामुळे चहा कायम गार. भाजे गावचे आबा रेल्वेच्या फाटकावर उभी हयात काढून निवृत्त झाले आणि थेट माझ्या वर्गात एम.ए.ला येऊन बसले. विषय प्राचीन इतिहास. मळवलीहून पुण्याला आम्ही बरोबरच जायचो.

सिकंदरानंतरचं ग्रीक जग, हा पेपर आम्हा पोरांच्या डोक्यावरून जायचा. वारस न नेमता सिकंदर मेला, सरदारांनी राज्य वाटून घेतलं आणि जन्मभर एकमेकांशी लढले. त्यात निम्म्यांची नावं सारखी. आबांना मात्र सगळं तोंडपाठ. "ही भावकी हाय पोरी," ते म्हणत. "मोजणी न करता वाटण्या केल्या, मग भांडणार न्हाईत तर काय?" कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेली दानं कोरलीत, ती दाखवायला त्यांनी मला मुद्दाम नेलं. "पाव्हणा नाव कोरत न्हाई. ऱ्हायला आलेला कोरतो." हे वाक्य आमच्या सरांनीसुद्धा उतरवून घेतलं.

आणि एवढं सगळं येत असूनही हा गडी त्याच पेपरात दोनदा नापास! कारण काय, तर पहिलं उत्तर मनासारखं पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. तीन तासांत पाचांपैकी फार तर दीड उत्तर. मी चिडले की म्हणायचे, "म्हंजी गाडी जायच्या आत फाटक उघडू व्हय?"

तिसरी संधी शेवटची होती. घराण्यातली पहिली एम.ए.ची पदवी, ती टांगायला त्यांच्या मंडळींनी भिंतीत खिळा ठोकूनही ठेवला होता. मग मीच घड्याळ घेऊन त्यांच्या ओटीवर बसायला लागले. पस्तीस मिनिटं झाली की पेन काढून घ्यायचे. पहिल्या दिवशी म्हातारा रुसलाच.

परीक्षेला पाचही उत्तरं लिहून आबा बाहेर आले, पण चेहरा पडलेला. "पाचीबी अर्धीच ऱ्हायली." यथावकाश पास झाले. मंडळींनी गावभर पेढे वाटले. आबांनी एक तेवढा तोंडात टाकला.

आठवड्यानं माझ्या दारात उभे, हातात जाड वही. पाचही उत्तरं शेवटपर्यंत लिहिलेली. "सरांस्नी दे. मार्क नगंत म्हणावं, तेवढं ऱ्हायलेलं वाचून घ्या."

मी आधी हसले, मग मला रडूच आलं.

आबांना जाऊन तीन वर्षं झाली. तो पेपर आता मी शिकवते. निकालानंतर उरलेलं उत्तर घेऊन येणारा विद्यार्थी अजून कुणी भेटला नाही, पण आठवडाभर मी वाट बघते.